स्कोअर शून्य, पण खोकला तसाच



आपल्या मंडळ्यांमध्ये वैद्यकीय मदतनिधीचा हिशोब वाचून दाखवला की एक प्रश्न हमखास येतो. "एवढा खर्च झाला, एवढ्या प्रार्थना झाल्या, मग आजार इतका उशिरा कसा कळला?" फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल हा प्रश्न जास्त येतो, आणि कोरोनाच्या दोन वर्षांतल्या रुग्णांबद्दल तर अजूनही येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असे असते की आदिवासी माणूस दवाखान्यात जातच नाही, आधी भगताकडे जातो, म्हणून उशीर होतो. काही वेळा तसे होतेही. पण २०२० आणि २०२१ मध्ये मी ज्यांच्याबरोबर फिरले ते सगळे दवाखान्यात गेलेले होते, तेही एकदा नाही, चार-चार वेळा. उशीर झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. तो कुठे झाला, हे या अंकात सविस्तर लिहिते आहे.

मी कासारवाडीत राहते. पुणे-मुंबई रस्त्याला नाशिकचा रस्ता मिळतो तो नाशिक फाटा आमच्याच भागात आहे. मंचर, राजगुरुनगर, चाकणकडून येणारी माणसे इथे उतरतात. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिम डोंगरातले ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी बांधव मोठ्या दवाखान्यासाठी शहरात येतात तेव्हा त्यांचे शहर या फाट्यापासून सुरू होते. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्याला सगळे वायसीएम म्हणतात, ते इथून जवळच. औंधचे उरो रुग्णालय दुसऱ्या अंगाला, तेही फार लांब नाही. माझे काम म्हणजे फाट्यावर उभे राहून माणसे उतरवून घेणे, केसपेपर काढून देणे, डॉक्टर काय म्हणाले ते बाहेर आल्यावर पुन्हा सांगणे आणि पुढची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देणे. एरवी यात विशेष काही नसते. मार्च २०२० नंतर मात्र हेच काम अवघड होऊन बसले.

टाळेबंदी लागली, गाड्या थांबल्या, वायसीएम कोविडच्या रुग्णांसाठी राखून ठेवावे लागले. पुढे तेही पुरेना, म्हणून नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभे राहिले. हे सगळे आवश्यकच होते आणि त्यात राबलेल्या परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण कर्करोग काही टाळेबंदी पाळत नव्हता. देशातल्या कर्करोग रुग्णालयांचे नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाचे जाळे आहे. त्यातल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची आकडेवारी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिली. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली होती. म्हणजे ५४ टक्के घट. मोठ्या शस्त्रक्रिया जवळजवळ निम्म्या झाल्या. ते साठ हजार लोक बरे झालेले नव्हते. ते घरी होते.

आता आजाराबद्दल. फुप्फुसाच्या आत दुखणे जाणवणाऱ्या नसा जवळजवळ नसतात. त्यामुळे गाठ लिंबाएवढी झाली तरी माणसाला दुखत नाही. खोकला येतो, तोही सुरुवातीला कोरडा. बिडी ओढणाऱ्याला खोकला असतोच, म्हणून त्याचे कुणाला काही वाटत नाही. गाठ वाढून श्वासनलिकेला दाबू लागली की दम लागतो. आवाजाच्या नसेपर्यंत पोचली की आवाज बसतो. फुप्फुसाच्या आवरणात पोचली की पाणी साठते. आपले लोक त्याला छातीत पाणी झाले म्हणतात. बेडक्यात रक्ताचा धागा दिसणे, खांदा दुखणे, महिनाभरात विजार सैल होणे, बोटांची टोके फुगून नखे गोलसर होणे, ही सगळी याचीच लक्षणे असू शकतात, आणि यातली बरीचशी क्षयातही दिसतात. म्हणून आपल्याकडे पूर्वीपासून एक घोटाळा होत आला आहे: एक्स-रेवर डाग दिसला की तो टीबीचा धरून सहा महिन्यांचे औषध सुरू होते. थुंकीत जंतू सापडले असतील तर ते बरोबरच आहे. न सापडताच औषध सुरू झाले आणि दोन महिन्यांत माणसाला काहीच उतार पडला नाही, तर पुन्हा विचार व्हायला हवा. बऱ्याचदा तो होत नाही आणि गाठ सहा महिने वाढत राहते.

कोरोनाने या घोटाळ्यात आणखी एक पडदा टाकला. खोकला, दम, थकवा आणि ताप, ही कोरोनाची ओळख घराघरात पोचली. टीबीच्या तपासणीची यंत्रे कोविडच्या तपासणीला लागली. देशात २०१९ मध्ये क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. म्हणजे ज्या वाटेने एखाद्याचा एक्स-रे निघायचा आणि त्यात चुकून का होईना गाठ दिसायची, ती वाटही बंद झाली. खोकणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? निगेटिव्ह आला की प्रश्न संपला.

खेड तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका ठाकरवाडीतले एक दादा होते. ओळख पटू नये म्हणून वाडीचे नाव लिहीत नाही. वय पन्नाशीच्या आसपास. तरुणपणी कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, नंतर बारा-तेरा वर्षे चाकणच्या बाजूला ठेकेदाराकडे, फाउंड्रीत वाळू चाळण्याच्या कामावर. दिवसाला एक बंडल बिडी. खोकला टाळेबंदीच्या आधीपासून होता. काम बंद झाल्यावर ते चालत वाडीवर परतले. मे महिन्यात खोकल्याची बाटली मिळाली. जुलैत स्वॅब झाला, निगेटिव्ह. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई वाडीवर गेल्या. त्यांनी बोटाला यंत्र लावले, ऑक्सिजन ९६, ताप नाही. आशाताईंना जे विचारायला सांगितले होते ते त्यांनी विचारले, आणि दादांनी खरे तेच सांगितले. ऑक्टोबरमध्ये ताप आला तेव्हा मुलाने उसने पैसे काढून एका खासगी केंद्रावर छातीचा एचआरसीटी करून घेतला. सरकारने तोपर्यंत त्याचे दर दोन ते तीन हजार रुपयांत बांधून दिले होते, म्हणून निदान तेवढ्यात भागले.

त्या दिवसांत 'स्कोअर' हा शब्द पोराबाळांच्याही तोंडी होता. स्कोअर म्हणजे कोरोनाने फुप्फुसाचा किती भाग व्यापला त्याचे २५ पैकी गुण. दादांचा स्कोअर शून्य आला. घरात आनंद झाला. तो कागद नोव्हेंबरात माझ्या हाती आला तेव्हा मी पहिल्यांदा पाहिले की स्कोअरच्या खाली आणखी तीन ओळी आहेत. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात चार सेंटिमीटरची गाठ, कडा काटेरी, शेजारच्या ग्रंथी वाढलेल्या, तुकडा काढून तपासावा. इंग्रजीत, बारीक अक्षरात. ज्याने ते लिहिले त्या डॉक्टरांनी त्यांचे काम चोख केले होते. पण तो कागद वाचणाऱ्या प्रत्येकाने, अगदी औषध लिहून देणाऱ्यानेसुद्धा, वरचा आकडा पाहिला आणि घडी घातली. मी फोन केला तेव्हा दादा म्हणाले, "ताई, मला कोरोना नाही म्हणाले, मग बोलावता कशाला?"

मला वाटते, इतका उशीर का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दादांच्या या वाक्यात आहे. एका तपासणीने एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते. स्वॅब निगेटिव्ह याचा अर्थ त्या दिवशी नाका-घशात तो विषाणू सापडला नाही, एवढाच. स्कोअर शून्य याचा अर्थ फुप्फुसात कोरोनाची छाया नाही. खोकला कशाचा आहे, हे त्यातल्या कुणीच सांगितलेले नसते.

आणि गाठ दिसली म्हणजे निदान झाले असेही नाही. फिल्मवरची गाठ टीबीची असू शकते, बुरशीची असू शकते, जुन्या जखमेचा वण असू शकतो. म्हणून तुकडा काढावा लागतो. गाठ श्वासनलिकेजवळ असेल तर नाकातोंडातून दुर्बीण घालून, छातीच्या भिंतीजवळ असेल तर सीटीच्या यंत्राखाली सुई घालून. छातीत पाणी असेल तर कधी त्या पाण्यातच कर्करोगाच्या पेशी सापडतात. "सुई लावली की गाठ पसरते" ही भीती मी वाडीवरही ऐकते आणि आपल्या मंडळीतल्या शिकलेल्या भगिनींकडूनही. या भीतीने कर्करोग थांबत नाही, फक्त उपचार लांबतो. तुकड्याशिवाय कोणता कर्करोग आहे ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही.

दुर्बिणीच्या तपासणीत रुग्ण खोकतो आणि थेंब उडतात. त्यामुळे महामारीत ही तपासणी अगदी थोड्या जागी, थोड्या दिवशी होत होती. दर खेपेला आधी नव्याने स्वॅब द्यायचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, तोवर दिलेली तारीख उलटून जायची. वाडीवरून फाट्यापर्यंत वडापने आणि खासगी गाडीने यायला एका खेपेला जे पैसे लागत त्यात घरात आठवडाभराचा किराणा आला असता. दादांच्या अशा तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या खेपेला आम्ही त्यांना परत पाठवलेच नाही, कासारवाडीत एका खोलीत ठेवून घेतले. डिसेंबरात सुईने तुकडा निघाला. रिपोर्ट कर्करोगाचा आला, आणि एव्हाना छातीत झालेल्या पाण्यातही पेशी होत्या. म्हणजे चौथी पायरी. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती.

त्यांना नेमका कशाने झाला, हे कुणी सांगू शकत नाही. बिडी तर होतीच. पण या पट्ट्यात राहणाऱ्या आपण सगळ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ज्या गोष्टी माणसात कर्करोग करतात असे निश्चितपणे म्हणते, त्यात फाउंड्रीचे काम आहे, बारीक सिलिका धूळ आहे, २०१२ पासून डिझेलचा धूर आहे, २०१३ पासून शहराची प्रदूषित हवा आहे आणि २०१७ पासून वेल्डिंगचा धूर आहे. घरातल्या लाकूडफाट्याचा धूर 'बहुधा' या वर्गात येतो. भोसरीपासून चाकणपर्यंत ठेकेदाराकडे रोजाने काम करणाऱ्याला यातले बरेच काही एकाच आयुष्यात मिळते, आणि ठेकेदार बदलला की त्याने कुठे काय केले याची नोंदही राहत नाही.

बिडी-सिगारेट कधीच न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो, हे मुद्दाम सांगते. त्याच काळात जुन्नरकडच्या एक मावशी आल्या होत्या. आयुष्य चुलीपुढे गेले, मिश्री लावायच्या, बिडीला हात लावला नव्हता. त्यांच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली आणि त्यात ईजीएफआर नावाचा बदल सापडला. असा बदल असलेल्या कर्करोगावर रोजची एक गोळी चालते. भारतातल्या रुग्णांत हा बदल पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, आणि ती गोळी आपल्या देशात बनते. टाळेबंदीत हे मोठे वरदान ठरले, कारण सलाईनसाठी शहरात यावे लागत नव्हते. गोळीने रोग मुळासकट जात नाही, काही काळ दबतो. मावशींच्या बाबतीत दोन वर्षांहून जास्त दबला. त्या काळात त्यांनी नातीचे लग्न पाहिले आणि दोन पावसाळे भात लावला. म्हणून तुकडा काढला की ही पुढची तपासणीही करायची का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. सगळ्यांना तिचा उपयोग होत नाही, पण विचारायला काही लागत नाही.

दादांच्या तुकड्यात असा बदल नव्हता. त्यांच्यापुढे केमोचा मार्ग होता, आणि तिथे त्या काळातला सर्वांत कठीण प्रश्न उभा राहिला. केमोने शरीराची प्रतिकारशक्ती खाली येते. अशा माणसाला वारंवार रुग्णालयात न्यायचे, जिथे कोरोना आहे? की थांबायचे, आणि रोग वाढू द्यायचा? हा प्रश्न आपल्या भागातच नव्हता. फुप्फुसाच्या व छातीच्या इतर कर्करोगांच्या रुग्णांना कोरोना झाल्यावर काय होते, याची आंतरराष्ट्रीय नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या २०० रुग्णांपैकी ६६ दगावले होते. तीन जणांत एक. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या टाटा मेमोरियलने टाळेबंदी लागली तेव्हा दरवाजे बंद करायचे नाहीत असे ठरवले. तिथे २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ नियोजित मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. काळजी घेऊन उपचार चालू ठेवता येतात, हे त्यातून दिसले. माझे स्वतःचे मत असे की सरसकट "आत्ता नको, कोरोना संपल्यावर या" म्हणणे सोपे होते, पण योग्य नव्हते. ज्याला बरे होण्याची आशा आहे त्याचे थांबवू नये. ज्याचा उपचार फक्त थोडे दिवस वाढवण्यासाठी आहे त्याला दोन्ही बाजू सांगून त्यालाच ठरवू द्यावे.

दादांना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि केमो घ्यायची म्हणाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये सरकारने रेशनकार्डाच्या रंगाची अट काढून राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली केली होती, त्यामुळे औषधाचा खर्च त्यात बसला. दीड लाखाची ती मर्यादा आता पाच लाखांपर्यंत वाढली आहे. पण योजनेचा पैसा रुग्णालयाला मिळतो. एस.टी.चे भाडे, खोली, दूध-अंडी, सोबतीच्या माणसाचा बुडालेला रोज यांतले बहुतेक काही त्यात बसत नाही. तुम्ही पाठवलेली देणगी नेमकी तिथे कामाला येते. आणि कागद नसतील तर योजना असून नसल्यासारखी. कातकरी कुटुंबांत आजही आधार आणि रेशनकार्डावर नावाची अक्षरे जुळत नाहीत म्हणून माणूस खिडकीवरून परत येतो. हे काम आजारी पडण्याआधी करून ठेवायचे असते. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या आमच्या फेऱ्या त्यासाठीच असतात.

केमोच्या तीन फेऱ्या झाल्या. मार्च २०२१ मध्ये त्यांना कर्करोगाचे रुग्ण म्हणून लसीचा पहिला डोसही मिळाला. मग दुसरी लाट आली.

एप्रिलमध्ये काय झाले ते तुम्हाला आठवत असेल. चाकणच्या कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला गेला तरी पुरत नव्हता. दादांचा दम वाढला होता आणि त्यांना पुन्हा शहरात यायचे नव्हते. मुलगा मात्र रोज फोन करून सिलिंडर मागायचा. इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. दम लागणे आणि ऑक्सिजन कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटाच्या यंत्रावर आकडा चांगला असूनही माणूस कासावीस होऊ शकतो, आणि तेव्हा सिलिंडरने फारसा फरक पडत नाही. उशाला टेकवून बसवणे, खिडकी उघडणे, चेहऱ्यावर पुठ्ठ्याने हळू वारा घालणे, याने खरोखर आराम पडतो. डॉक्टरांच्या देखरेखीत थोड्या मात्रेची मॉर्फिन दिली की कासाविशी कमी होते. मॉर्फिन ही नशा नव्हे, ती दिल्याने माणूस लवकर जातो हाही गैरसमज आहे. ती सगळ्या दुकानांत मिळत नाही, मान्यता असलेल्या संस्थांतूनच मिळते. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचे उपशामक उपचार केंद्र १९९७ पासून विनामूल्य काम करते, हे आपल्या पाळकांनी आणि वडीलजनांनी लिहून ठेवावे. उपशामक म्हणजे "आता काही करता येत नाही" असे नव्हे. वेदना, दम, ओकाऱ्या आणि भीती यांवर तेव्हाही पुष्कळ करता येते, आणि ते निदानाच्या दिवसापासूनच सुरू करायचे असते.

गोळ्या वाडीवर पोचल्या. मी फोनवर होते, जाऊ शकत नव्हते. मुलाने फोन बापाच्या कानाशी धरला आणि मी प्रार्थना केली, आमच्या भाषेत, त्यांच्या देवाचे नाव ते मनात घेत असतील. दादा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेले, स्वतःच्या घरात, सूनबाई वारा घालत असताना.

आता तुमच्याकडे एक काम. त्या दोन वर्षांत तुमच्यापैकी शेकडो घरांत छातीचा एचआरसीटी झाला. ती पिशवी कपाटावर किंवा माळ्यावर पडून असेल. ती काढा आणि स्कोअरच्या खालच्या ओळी कुणा जाणकाराकडून वाचून घ्या. त्यात गाठ, 'नोड्यूल' किंवा 'पुन्हा तपासावे' असा शब्द असेल तर घाबरू नका; अशा बहुतेक लहान गाठी निरुपद्रवी निघतात. पण तो कागद घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. आता नवा सीटी काढला तर जुन्या फिल्मशी ताडून पाहता येते. भरीव गाठ दोन वर्षांत तसूभरही वाढली नसेल तर डॉक्टर सहसा निश्चिंत होतात, पुसट धुक्यासारखी असेल तर आणखी काही वर्षे लक्ष ठेवतात, आणि वाढली असेल तर वेळीच कळते. म्हणून जुनी फिल्म फेकू नका, नव्या दवाखान्यात देऊन मोकळे होऊ नका, आणि वाडीवर कुणाकडे असेल तर ती चुलीवरच्या आढ्याला खोचून ठेवू देऊ नका. उष्णतेने ती काळी पडते आणि मग त्यातले काही वाचता येत नाही.